लायसन्स पॉलिसी देताना तपासा, अपघात झाल्यावर नव्हे

प्रति,
१) सर्व मोटार विमा कंपन्यांचे अंडररायटिंग आणि दावे विभाग,
२) भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद,
३) परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, तसेच पेण, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील परिवहन कार्यालये.

विषय: ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याच्यावर झालेली कारवाई यांची तपासणी

महोदय,

कोकणात मोटार विम्याच्या पॉलिसी काढून देणारे, अपघातग्रस्त गाड्यांचा सर्व्हे करणारे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याच्या नावावरची कारवाई विमा कंपनीने पॉलिसी देताना पाहावी. आज ती पाहिली जाते ती गाडी कशेडीत किंवा आंबोलीत ठोकल्यावर, क्लेम फॉर्म हातात आल्यावर. तोपर्यंत हप्ता भरलेला असतो, पॉलिसी चालू असते आणि आपला विमा आहे या भरवशावर मालकाने गाडी बाहेर काढलेली असते. लायसन्समध्ये दोष निघाला, तर तो दुरुस्त करायची वेळ तेव्हा टळून गेलेली असते.

पॉलिसी विकताना काय पाहिलं जातं ते आधी मांडतो. गाडीचा नंबर टाकला की ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी प्रणालीतून मॉडेल, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीची तारीख येते. त्यावर गाडीची विमा किंमत ठरते, नो क्लेम बोनस, म्हणजे आधी क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत, वजा होतो, हप्ता निघतो. खासगी गाडीच्या जुन्या छापील प्रस्ताव अर्जात ड्रायव्हरबद्दलही रकाने आहेत: वय, नजर किंवा ऐकण्यात दोष, अपघात केल्याबद्दल कधी शिक्षा झाली आहे का, एखादा खटला चालू आहे का. हे रकाने एक तर कोरे राहतात किंवा प्रतिनिधी न विचारताच ‘नाही’ लिहून मोकळा होतो. मोबाइलवरून नूतनीकरण करताना तर ते बहुतेक वेळा समोर येतच नाहीत. हप्ता त्यावर ठरत नाही, म्हणून कुणाला त्यांची गरज वाटत नाही.

याच व्यवहारात नो क्लेम बोनसची तपासणी मात्र नियमाने बांधलेली आहे. ग्राहक एका कंपनीतून दुसरीकडे गेला, तर मोटार टॅरिफच्या नियमानुसार नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला पत्र लिहायचं आणि जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. म्हणजे २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंतच्या सवलतीसाठी पडताळणीची रीत आहे. ज्या लायसन्सवर अख्खा क्लेम उभा राहतो किंवा पडतो, त्याच्यासाठी नाही.

पॉलिसीतलं ड्रायव्हरविषयीचं कलम अगदी छोटं आहे. गाडी कुणीही चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि लायसन्स बाळगण्यास तो अपात्र ठरवलेला नसावा. शिकाऊ लायसन्सही चालतं, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला असला पाहिजे. म्हणजे शेजारी लायसन्सधारक शिकवणारा बसलेला हवा आणि गाडीवर पुढेमागे लाल ‘एल’ हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १५०, जे १ एप्रिल २०२२ पर्यंत कलम १४९ मध्ये होतं, विमा कंपनीला ज्या मोजक्या मुद्द्यांवर बचाव करू देतं त्यात हा मुद्दा आहे. त्यामुळे अपघातानंतर कंपनीचा माणूस सगळ्यात आधी लायसन्स मागतो, हे साहजिक आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही.

ते पाहायचं कसं, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण बहुतेक भांडणं अर्धवट पाहण्यातून उभी राहतात. कार्डवरचा नंबर १५ अक्षरांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचे दोन अंक, मग वर्षाचे चार आणि शेवटी सात. एमएच-०६ पेण, एमएच-०७ सिंधुदुर्ग, एमएच-०८ रत्नागिरी. कार्डवर मुदतीच्या दोन तारखा असू शकतात, एक खासगी वाहनासाठी आणि एक परिवहन वाहनासाठी, म्हणजे व्यवसायासाठी प्रवासी किंवा माल नेणाऱ्या गाडीसाठी. वाहनाच्या प्रत्येक वर्गासमोर तो कधी मिळाला याची तारीख असते. चुका इथेच होतात. वरची मुदत २०३१ पर्यंत आहे, एवढंच बघून फाइल पुढे जाते. पण त्या माणसाला आधी फक्त मोटरसायकलचा वर्ग होता आणि हलक्या मोटार वाहनाचा वर्ग अपघातानंतर तीन महिन्यांनी जोडला गेला, हे वर्गासमोरची तारीख वाचल्याशिवाय कळत नाही. उलटही होतं. परिवहनची मुदत संपलेली दिसते म्हणून क्लेम अडकतो. प्रत्यक्षात माणूस स्वतःची खासगी गाडी चालवत असतो आणि त्यासाठीची मुदत शाबूत असते.

कार्ड पाहून झालं की ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून नोंद उघडायची. तिथे लायसन्स चालू आहे की नाही, दोन्ही मुदती आणि वाहनांचे वर्ग दिसतात. डिजिलॉकरमधून दाखवलं जात असेल, तर ते ‘जारी केलेल्या’ कागदपत्रांत आहे की माणसाने स्वतः फोटो काढून ‘अपलोड’ केलेलं आहे, हे बघायचं. पहिलं मूळ कागदाइतकं ग्राह्य आहे. दुसरं म्हणजे नुसती झेरॉक्स.

आता कोकणात काय बिघडतं ते सांगतो, कारण मुंबईत किंवा पुण्यात बसून फाइल वाचणाऱ्याला ते दिसत नाही.

पहिली अडचण जुन्या पुस्तकी लायसन्सची. पन्नाशी-साठीतल्या कितीतरी ड्रायव्हरांनी लायसन्स काढलं तेव्हा ते हाताने लिहिलेलं पुस्तक होतं. पुढे संगणकीकरण झालं, पण ज्यांनी मध्ये नूतनीकरण किंवा पत्ताबदल केला नाही त्यांची नोंद वहीतच राहिली. काही नोंदी चढल्या, पण जन्मतारीख चुकली किंवा आडनावाचं रोमन स्पेलिंग वेगळं पडलं. सारथीला नंबर आणि जन्मतारीख दोन्ही जुळावी लागतात. एक आकडा इकडचा तिकडे झाला, तरी पडद्यावर नोंद नसल्याचं येतं. तपासनीस तेवढ्याचा स्क्रीनशॉट जोडतो आणि शेरा मारतो: लायसन्स बनावट. हे चूक आहे. नोंद न सापडणं आणि लायसन्स बनावट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं, त्याच्याकडून लेखी उतारा मागवायचा. संगणकात नसेल तर मूळ नोंदवही पाहून द्यायला सांगायचं. अमुक नंबरचं लायसन्स या व्यक्तीला दिलेलंच नाही, असं कार्यालयाने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं तरच बनावट म्हणायचं. न्यायाधिकरणापुढे हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे आणि स्क्रीनशॉट तिथे पुरत नाही.

ड्रायव्हरने आपली नोंद बॅकलॉगमधून, म्हणजे जुन्या नोंदी संगणकात घेण्याच्या सोयीतून, चढवून घ्यावी, असं सांगणं सोपं आहे. मंडणगडच्या माणसाला रत्नागिरीचं कार्यालय शंभर किलोमीटरहून अधिक लांब पडतं. तालुक्याच्या शिबिराची तारीख चुकली, तर पुढच्या शिबिराची वाट बघायची. अपघातानंतर कंपनी सात दिवसांत कागद मागते, तेव्हा हे काम त्या मुदतीत होत नाही. पॉलिसी काढताना दोष दाखवला असता, तर वर्षभर हातात होतं.

दुसरी अडचण मुदतीची, आणि पैसे सगळ्यात जास्त इथे बुडतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी लायसन्स संपल्यावरही ३० दिवस ते वैध धरलं जायचं. ती सवलत गेली, पण ‘महिनाभर चालतं’ हा समज गावोगाव अजून पक्का आहे. आता मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यावर एक वर्ष अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. संपल्यावरच्या या वर्षाचा अर्थ लोक चुकीचा घेतात. तो अर्ज करण्यासाठी दिलेला वेळ आहे, गाडी चालवण्याची परवानगी नाही. नूतनीकरण ज्या दिवशी झालं त्या दिवसापासून लायसन्स लागू होतं आणि मधला खंड उघडाच राहतो. त्या खंडात अपघात झाला, तर नंतर मिळालेलं कार्ड उपयोगाचं नाही. मुदतीची गणितंही बदलली आहेत. खासगी वाहनासाठी तिशीच्या आत काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं, परिवहनसाठी पाच. घरातल्या वडिलांचं एका वर्षी संपतं आणि मुलाचं भलत्याच वर्षी. कोण लक्षात ठेवणार? पॉलिसीची मुदत संपत आली की कंपन्या दहा मेसेज पाठवतात. त्यातल्या एकात लायसन्सची तारीख घातली, तरी कितीतरी क्लेम वाचतील.

या मुदतीचा सगळ्यात मोठा फटका आखातातून परतणाऱ्यांना बसतो. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात दुबई, कुवेत, सौदीला नोकरी करणारी घरं भरपूर आहेत. माणूस तिकडे असताना इथलं लायसन्स संपतं. सुट्टीवर आला की घरची गाडी चालवतो आणि खिशात तिकडचं लायसन्स असतं. नुसत्या तिकडच्या लायसन्सवर इथे गाडी चालवता येत नाही. सोबत त्या देशातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि त्याची मुदत एक वर्ष असते. मुदत संपायच्या आधी वर्षभर नूतनीकरण करता येतं, म्हणजे आदल्याच सुट्टीत काम होऊ शकतं. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगण्याची जागा पॉलिसीचा काउंटर हीच आहे.

तिसरी अडचण आंबा आणि मासळीच्या गाड्यांची. देवगड-रत्नागिरीहून वाशी मार्केटला जाणाऱ्या पिकअपवर, मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून सुटणाऱ्या टेम्पोवर हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सचा ड्रायव्हर असला की ‘परिवहनचा शेरा नाही’ म्हणून अजूनही क्लेम अडवले जातात. हा वाद आता संपलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगण प्रकरणात आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर परिवहन वाहन चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही. पिकअपचं भरल्या गाडीचं वजन तीन टनांच्या आसपास असतं. चिऱ्याच्या ट्रकचं आणि डंपरचं वजन मात्र त्या मर्यादेच्या बरंच वर जातं, तिथे जड वाहनाचं लायसन्सच लागतं. चाकं मोजून ठरवू नका, नोंदणी प्रमाणपत्रातलं एकूण वजन वाचा. दावे विभागांनी आपल्या जुन्या तपासणी याद्या बदलल्या, तर या फाइली जिल्हा न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत.

मालकाने किती खात्री करायची, हेही न्यायालयाने सांगितलेलं आहे. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालानुसार तिसऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे त्या गाडीमुळे इजा झालेल्याच्या, दाव्यात लायसन्समधला दोष दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे तसा ड्रायव्हर ठेवला, हे तिने सिद्ध करावं लागतं. तरीही जखमीला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायचे आदेश होतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला तो निकाल जसाच्या तसा लागू नाही, हे २००७ च्या लक्ष्मी नारायण धुत प्रकरणात सांगितलं गेलं. पण मार्च २०२० च्या निर्मला कोठारी प्रकरणात स्वतःच्या गाडीच्या क्लेमबाबतही न्यायालय म्हणालं, की पगारी ड्रायव्हर ठेवताना मालकाने लायसन्स पाहिलं, ते वरकरणी खरं दिसलं आणि त्याला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर देशभरातल्या आरटीओंकडे चौकशी करत फिरण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. गणपतीला मुंबईहून गाडी घेऊन येणारी आणि रात्रीच्या प्रवासापुरता ड्रायव्हर सांगणारी मंडळी, डिसेंबरात मालवण-गणपतीपुळ्याला पर्यटकांच्या गाड्या चालवणारे हंगामी ड्रायव्हर, या सगळ्यांना हा निकाल लागू पडतो. क्लेम नाकारण्याच्या पत्रात त्याचा उल्लेखही नसतो, हे बरोबर नाही.

गाडी कुणी चालवतच नव्हतं, अशा वेळीही लायसन्स मागितलं जातं, याचा वेगळा उल्लेख करतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि दारात, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. उभ्या गाडीला ड्रायव्हर नसतो, ड्रायव्हरचं कलम तिथे लागू होत नाही. चोरीच्या क्लेमबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच म्हटलं आहे, की ज्या अटीचा नुकसानीशी संबंध नाही तिच्या भंगावरून क्लेम नाकारता येत नाही. दरवर्षी पावसाळ्यात पुराचे क्लेम येतात. त्यांच्या यादीतून लायसन्स काढून टाका.

आमच्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट खडसावून सांगायची आहे. लायसन्स नसलेला मुलगा गाडी ठोकतो आणि क्लेम फॉर्मवर काकाचं किंवा शेजाऱ्याचं नाव लिहिलं जातं. ही मदत नव्हे. पोलीस पंचनामा, रुग्णालयाच्या अपघात नोंदी, टोल नाक्याचं चित्रण आणि मोबाइल यांवरून खरा ड्रायव्हर कोण हे बहुतेक वेळा उघड होतं. मग लायसन्सचा प्रश्न बाजूला पडतो आणि खोटी माहिती दिल्याबद्दल सगळा क्लेम जातो. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांना पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यावा लागतो. ड्रायव्हरचा आणि मालकाचा फॉर्म ३० दिवसांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत होतो. त्यात लायसन्सची पडताळणी येतेच. नाव बदलून आता निभावत नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, इतकं सगळं लागतं.

आता शिक्षा आणि कारवाईच्या नोंदींकडे येतो. लायसन्स निदान एका पडद्यावर दिसतं. ड्रायव्हरचा पूर्वेतिहास आज कुठेच एकत्र दिसत नाही, आणि तो विचारणारा प्रश्नही मोघम आहे. ‘शिक्षा झाली आहे का’ याला प्रामाणिक माणसाने काय उत्तर द्यायचं? महामार्गावरच्या कॅमेऱ्याने वेगाचं चलान काढलं, तर ते गाडीच्या नंबरवर म्हणजे मालकाच्या नावावर जातं; चाकामागे कोण होतं हे त्यात नसतं. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं की प्रकरण मिटतं, ती न्यायालयाने दिलेली शिक्षा ठरत नाही. लोक अदालतीत भरलेल्या चलानाचंही तेच. याउलट भरधाव गाडी चालवून कुणाचा जीव गेला, तर खटला चालतो. तो १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ खाली आणि नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली. तिथे दोष सिद्ध झाला तर ती खरी शिक्षा. विमा कंपनीला धोका मोजण्यासाठी पाहायचं असेल ते हेच. पण न्यायालयाचा निकाल लायसन्सच्या नोंदीपर्यंत पोचलाच पाहिजे, अशी साखळी आज अखंड नाही.

परिवहन कार्यालयाचे स्वतःचे आदेश त्याहून महत्त्वाचे आहेत. कलम १९ आणि नियम २१ खाली लायसन्स निलंबित होतं. रस्ता सुरक्षेबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये सिग्नल तोडणं, अतिवेग, गाडी चालवताना मोबाइल, दारू पिऊन चालवणं आणि जादा भार यांसाठी किमान तीन महिन्यांचं निलंबन करायला सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये पोलिसांना लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवण्याचा अधिकार दिला. निलंबनाच्या काळात गाडी चालवणं हे पॉलिसीच्या कलमातलं ‘अपात्र’ ठरणं आहे, म्हणजे क्लेमला थेट धोका. पण मालकाला हे कळणार कसं? पगारी ड्रायव्हर आपण होऊन सांगणार नाही, त्याची नोकरी त्यावर असते. आदेश निघाला त्याच दिवशी तो सारथीवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे लिहून चढायला हवा. बांद्याचा, सावंतवाडीचा ड्रायव्हर रोज गोव्यात जातो, चिपळूणचा कुंभार्ली घाट चढून कराडला जातो. ज्या राज्यात कारवाई झाली तिथेच ती अडकून राहिली, तर नोंदीला अर्थ नाही. कलम २५ अ खाली लायसन्सची राष्ट्रीय नोंदवही आहे ती याचसाठी.

विमा प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगावर आधारित जादा हप्त्याचा मसुदा मांडला होता. दारू पिऊन चालवल्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, आणि सुरुवात दिल्लीपासून. त्यामागचा हेतू आम्हाला मान्य आहे, पण त्यात हप्ता गाडीच्या मालकावर पडतो. कोकणात मालक मुंबईला, गाडी गावाला आणि चाक तिसऱ्याच्या हातात, हे नेहमीचं आहे. चलान गाडीवर, गुण मालकावर आणि दोषी ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर कोऱ्या पाटीने, असं होऊ नये. गुण लायसन्स नंबरला जोडले जाईपर्यंत अशी योजना इथे आणू नका.

हे जोडणं अशक्य नाही. ब्रिटनमध्ये स्वान्सीच्या लायसन्स कार्यालयातली नोंद विमा कंपन्यांना ‘मायलायसन्स’ नावाच्या सेवेतून भाव देतानाच दिसते. ग्राहक आपला १६ अक्षरांचा ड्रायव्हर नंबर देतो आणि लायसन्सचा प्रकार, वर्ग, नियमभंगाच्या नोंदी आणि अपात्रतेचा काळ कंपनीकडे येतो. प्रत्येक गुन्ह्याला ठरलेला संकेत आहे, वेगमर्यादेसाठी एसपी३०, दारूसाठी डीआर१०. नोंद किती वर्षं राहणार हेही ठरलेलं आहे: साध्या वेगभंगाची चार, दारूची अकरा. लायसन्सला जोडलेला कागद तिथे ८ जून २०१५ ला रद्द झाला, कारण खरी नोंद संगणकात होती. त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. प्रश्न मोघम नाही आणि उत्तर ग्राहकाच्या आठवणीवर सोडलेलं नाही.

म्हणून विमा कंपन्यांना आमची विनंती अशी आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत नेहमी चालवणाऱ्या दोघांपर्यंत लायसन्स नंबर आणि जन्मतारीख घ्या, सारथीवर तिथेच पडताळा आणि जे दिसलं ते पॉलिसीच्या कागदावर छापा: नंबर, वर्ग, दोन्ही मुदती, पडताळणीची तारीख. नोंद सापडली नाही तर पॉलिसी थांबवू नका. तसं लिहून द्या आणि नोंद दुरुस्त करायला ९० दिवस द्या. जून २०२४ च्या परिपत्रकात विमा प्राधिकरणानेच सांगितलं आहे, की कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही आणि लागणारे कागद प्रस्ताव घेतानाच मागायचे. आम्ही त्याच नियमाची अंमलबजावणी मागतो आहोत. मालक स्वतः चालवत नसेल आणि त्याच्याकडे लायसन्स नसेल, तर १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर त्याच्या माथी मारू नका. त्या कव्हरसाठी मालकाकडे वैध लायसन्स लागतं, नसेल तर तो हप्ता वाया जातो.

विमा प्राधिकरणाने प्रस्ताव अर्जातला ‘शिक्षा’ हा प्रश्न मोडून तीन करावेत: गेल्या पाच वर्षांत लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं आहे का, न्यायालयाने वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं आहे का, असा खटला चालू आहे का. भरून मिटवलेली चलानं यात येत नाहीत, असं खाली लिहावं. सगळे अर्ज मराठीतही हवेत. तपासणीसाठी कंपनीला ड्रायव्हरचा पत्ता, फोटो किंवा फोन लागत नाही. वाहन आणि लायसन्सची माहिती घाऊक विकण्याचं धोरण केंद्राने २०२० मध्ये मागे घेतलं, ते योग्यच झालं. लायसन्सधारकाच्या संमतीने विचारलेल्या प्रश्नाला तेवढंच उत्तर मिळावं, आणि कुणी केव्हा विचारलं याची नोंद त्याला स्वतःला दिसावी.

परिवहन आयुक्तांकडे तीन कामं आहेत. पेण, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या हस्तलिखित नोंदवह्या चढवण्यासाठी तालुका शिबिरांत वेगळा दिवस ठेवा, आणि त्या दिवशी जन्मतारीख व स्पेलिंगच्या दुरुस्त्याही तिथल्या तिथे करा. निलंबनाचा आदेश निघाल्यावर तो सारथीवर चढवण्याची मुदत ठरवा. आमच्या मते २४ तास पुरेत. विमा कंपनीने किंवा न्यायाधिकरणाने मागितलेला लायसन्सचा उतारा १५ दिवसांत द्या, आणि उत्तरात ‘नोंद आढळत नाही’ एवढंच न लिहिता संगणक पाहिला की नोंदवही, हे स्पष्ट लिहा. त्या एका ओळीवर न्यायाधिकरणातली निम्मी उलटतपासणी वाचेल.

लायसन्स कसं वाचायचं, मुदत कधी संपते, पगारी ड्रायव्हर ठेवताना कोणता पडदा बघून त्याची प्रत जपून ठेवायची आणि निलंबनाच्या काळात काय होतं, हे सांगणारं एक पानी मराठी पत्रक पॉलिसीसोबत जावं, असंही आम्ही सुचवतो. त्याचा मसुदा आम्ही तयार करून देऊ. पुढच्या गणेशोत्सवाच्या आधी निघणाऱ्या नूतनीकरणांसोबत ते पोचलं, तर महामार्गावर गर्दी होण्याच्या आत लोकांच्या हातात असेल.

आपले,
रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांत मोटार विम्याचं काम करणारे काही प्रतिनिधी, सर्व्हेअर आणि वकील